तोफ, घंटा आणि फुलदाणी

युद्ध केव्हा सुरू झाले, कोणी जिंकले, तह कोठे झाला, हे शाळेतील मुलेही सांगू शकतात. परंतु तहावर सह्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तोफांचे, गाड्यांचे, जहाजांचे आणि तंबूंचे काय झाले, हा प्रश्न इतिहासाच्या परीक्षेत विचारला जात नाही. आम्हांला मात्र हा प्रश्न अनेक वर्षे सतावीत आला आहे. त्याचे मूळ पवित्र शास्त्रात आहे. यशया संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातील दर्शन आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. राष्ट्रे आपल्या तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील, भाल्यांच्या कोयत्या होतील, असे त्या संदेष्ट्याने पाहिले. मीखाच्या ग्रंथातही हेच दर्शन येते. पण योएल संदेष्ट्याच्या ग्रंथात नेमकी उलटी आज्ञा आहे, हे किती जणांच्या ध्यानात असते? तेथे शेतकऱ्यांना फाळ मोडून तलवारी घडवावयास सांगितले आहे. लोखंड तेच, भट्टी तीच, लोहारही तोच. फरक आहे तो हुकमाचा. म्हणून युद्धानंतर उरलेल्या वस्तूंची कथा ही मुळात लोखंडाची कथा नाही. ती माणसाच्या मनाने कोणता हुकूम दिला, याची कथा आहे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात या विषयाचे धडे ठायी ठायी मांडून ठेवलेले आहेत. हर्णैच्या समुद्रातील सुवर्णदुर्गावर जावे. एके काळी आंग्र्यांच्या आरमाराचे हे बळकट ठाणे होते. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतले आणि पुढे १८१८ नंतर सारेच इंग्रजांचे झाले. आज तेथे झाडोऱ्यात गंजलेल्या तोफा पडून आहेत. त्यांच्यासाठी माणसे मेली. आज त्यांच्यावर बसून मुले डबा खातात. शस्त्राला लाभलेली ही पहिली गती: विस्मरण. आमच्या मते ती फारशी वाईट नाही.

रत्नागिरी शहरात तर युद्धानंतर उरलेला एक अख्खा राजाच ठेवण्यात आला होता. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला. राज्य घेतले, खजिना घेतला, पण राजा थिबा याचे करायचे काय? त्याला १८८६ साली येथे आणले गेले. १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी तो सुप्रसिद्ध राजवाडा उभा राहिला आणि १९१६ साली येथेच त्याने देह ठेवला. तीस वर्षे हा मनुष्य समुद्राकडे पाहत बसला. थिबा पॅलेस पाहावयास येणारे पाहुणे खिडक्यांच्या रंगीत काचांचे कौतुक करतात. आम्हांला त्या वास्तूत शिरताना नेहमी वाटते की, विजेत्यांना नको असलेल्या वस्तू जशा कोठारात टाकतात, तसे एका माणसाला येथे टाकले होते. युद्ध संपले की शिल्लक राहतात त्या केवळ वस्तू नव्हेत, हा धडा आमच्या गावाने फार पूर्वी गिरवला आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा हिंदुस्थानात युद्धसामग्रीचे डोंगर होते. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्या काळी घरोघरी पोहोचला. ट्रक, तंबू, बूट, घोंगड्या, पत्रे, सारे लिलावात निघाले. युद्धासाठी जन्मलेली जीपगाडी शांततेच्या काळात येथेच रुळली. १९४७ पासून महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढे ती मामलेदाराची, डॉक्टरांची आणि खेडोपाडी मिस्सेला जाणाऱ्या धर्मगुरूंचीही गाडी झाली. मिरकरवाडा बंदरात होड्यांवर डिझेल नेण्यासाठी जो चपटा कॅन वापरतात, त्याला आपण जेरीकॅन म्हणतो. तो मूळचा जर्मन सैन्याचा. जर्मन सैनिकांना इंग्रज शिपाई ‘जेरी’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले. शत्रूच्या टोपणनावाने ओळखली जाणारी वस्तू आज कोळ्याच्या घरात पोटापाण्याचे साधन झाली आहे. आमचे लोहार जुन्या ट्रकच्या कमानपाट्यातून कोयता घडवतात. लिलावात घेतलेल्या लष्करी ट्रकांचे शेवटी हेच झाले असणार. यशयाचे दर्शन कोकणातील लोहाराच्या भट्टीत, कोणतीही घोषणा न होता, थोडेथोडे पुरे होत आले आहे.

वस्तूंप्रमाणे वसाहतींचेही झाले. कल्याणजवळ युद्धकाळात मोठा लष्करी तळ होता. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी बांधवांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. तेथील लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असे सांगतात. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. रशियात हद्दपारी भोगून, इराणमार्गे ते येथवर आले होते. ते आपल्याच धर्माचे लोक. त्यांनी तेथे चर्च बांधले, शाळा चालवल्या, आपली माणसे पुरली. ते गेले आणि त्या छावणीत सिंधी कुटुंबे राहावयास आली. आजचे गांधीनगर ते हेच. एका युद्धाच्या निर्वासितांनी सोडलेल्या खोल्यांत दुसऱ्या रक्तपाताचे निर्वासित आले. हे वाचून आनंद मानावा की खेद, हे ठरवणे कठीण. पण छप्पर वाया गेले नाही, एवढे खरे.

आता जहाजांकडे वळू. आम्ही समुद्राकाठची माणसे, जहाजाला वस्तू मानत नाही. १९३९ च्या डिसेंबरात दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जर्मन युद्धनौकेशी झुंजलेले ‘अकिलीस’ हे जहाज १९४८ साली आपल्या आरमारात ‘दिल्ली’ या नावाने दाखल झाले. १९६१ साली पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या मोहिमेत ते दीवजवळ होते. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ हिचे मूळ नाव ‘हर्क्युलिस’. महायुद्ध संपता संपता, १९४५ साली, ती पाण्यात उतरवली गेली. परंतु युद्धच संपल्याने तिचे काम अर्धवट सोडून देण्यात आले. भारताने १९५७ साली ती विकत घेतली, पुरी करून घेतली आणि १९६१ साली ती ‘विक्रांत’ झाली. एका युद्धात नकोशी झालेली नौका १९७१ च्या दुसऱ्या युद्धात निर्णायक ठरली. १९९७ साली ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत तरंगते संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ साली दारूखान्यात तोडण्यासाठी गेली. तिचे काही पोलाद बजाज कंपनीने २०१६ साली मोटरसायकलींसाठी वापरले.

तटरक्षक दलाचा तळ रत्नागिरीत आहे. वादळात सापडलेल्या होडीतील कोळ्यांना जेव्हा हे दल वाचवते, तेव्हा आमच्या चर्चमध्ये आभाराच्या मेणबत्त्या लागतात. या दलाचा आरंभ १ फेब्रुवारी १९७७ रोजी झाला, तेव्हा नौदलाने त्यास दोन जुन्या युद्धनौका दिल्या: ‘कृपाण’ आणि ‘कुठार’. या दोघी ‘खुकरी’च्या भगिनी. ‘खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ १८ अधिकारी आणि १७६ खलाशी यांच्यासह बुडाली. जिच्यासोबत इतके जीव गेले, तिच्या बहिणींनी पुढे जीव वाचवण्याच्या कामाचा पाया घातला. अगदी अलीकडे, २०२५ साली, ‘गुलदार’ ही निवृत्त नौका महाराष्ट्र शासनाकडे सोपवण्यात आली. सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रतळाशी तिला विसावू द्यावे, तिच्यावर प्रवाळ वाढावेत, मासे राहावेत आणि पर्यटकांनी ते पाहावे, अशी योजना आखली गेली. रणगाडे किनाऱ्यावर उतरवण्यासाठी बांधलेल्या जहाजात माशांनी घर करावे, ही कल्पना यशयालाही आवडली असती.

येथवर सारे गोड झाले. परंतु सत्य सांगावयाचे तर ते येथे थांबत नाही. युद्धानंतर उरलेल्या शस्त्रांपैकी फार थोड्यांचे कोयते होतात. पुष्कळशी शस्त्रे पुढच्या युद्धाकडे जातात. एक देश जुनी बंदूक विकतो, दुसरा ती स्वस्तात घेतो आणि तिसऱ्याच देशातील एखाद्या खेड्यात ती वाजते. महायुद्धात इंग्रजांनी वापरलेली पंचवीस पौंडी तोफ हे त्याचे साधे उदाहरण. ते युद्ध संपले. तोफ निवृत्त झाली नाही. १९६५ व १९७१ च्या लढायांत आपल्या तोफखान्यात ती होती. आणि याच तोफेमुळे हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हांस आले.

आमच्या धर्मग्रामात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. गावात सारे त्यांना काका म्हणतात. एके दिवशी ते चर्चच्या ओसरीवर कागदात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. ती होती पंचवीस पौंडी तोफेची रिकामी पितळी पुंगळी: सव्वा वीत उंच, घासून सोन्यासारखी लखलखीत केलेली. निवृत्तीच्या वेळी पलटणीने दिलेली भेट. ‘वेदीवर फुलदाणी म्हणून ठेवा, फादर,’ एवढेच ते म्हणाले.

धर्मग्राम मंडळाच्या सभेत आम्ही हा विषय ठेवला आणि सभेचे तीन तट पडले. तरुणांना आनंद झाला. सव्वीस जानेवारीला ती सर्वांसमोर ठेवावी, गावाचा मान आहे, असे त्यांचे म्हणणे. काही वडीलधाऱ्यांना वाटले, पितळ ते पितळ, त्यात एवढी चर्चा कशाला? तिसरा आवाज एकच होता. ज्यांचा भाऊ सैन्यातून परतला नाही, अशा एका भगिनी उठल्या आणि म्हणाल्या, ‘जिच्यातून मरण सुटलं, ती वस्तू प्रभूच्या प्याल्याशेजारी नको. मला तिथे डोळे मिटता येणार नाहीत.’ सभा शांत झाली. पितळ ते पितळ असे म्हणणाऱ्यांनाही पुढे बोलवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांकडे गेलो. त्यांना सभेतील सारे कळले होते. लहान गावात अशी गोष्ट चालत नाही, धावते. ते रागावले नव्हते. म्हणाले, ‘सव्वीस जानेवारीला तर मलाच नको, फादर. आमची तोफ सहा-सात मैलांवर मारा करायची. पुढचा माणूस आकडे सांगायचा, आम्ही गोळा भरायचो. तो पडला कुठे, हे मी एकदाही पाहिलं नाही. गोळा गेला आणि ही पुंगळी मागे राहिली. मीपण मागे राहिलो. ज्याच्या घरावर तो पडला असेल, त्याच्यासाठी फुलं ठेवायला मला जागा नाही. म्हणून तुमच्याकडे आणली.’

सेमिनरीत आम्हांला न्याय्य युद्धाचा सिद्धांत शिकवला होता. संत ऑगस्टीन, संत थॉमस, सारे पाठ होते. न्याय्य युद्ध लढून आलेला शिपाई पन्नास वर्षांनी आपल्या ओसरीवर बसून असे बोलेल, तेव्हा त्याला काय उत्तर द्यावे, हे मात्र त्या वह्यांत नव्हते. देशाने त्यांना पदक दिले, पेन्शन दिले आणि ते योग्यच झाले. पण त्यांना हवी होती शोक करण्याची परवानगी. ती परवानगी देशाचे कोणतेही खाते देऊ शकत नाही. ती ख्रिस्तसभाच देऊ शकते; कारण आपण ज्याला प्रभू म्हणतो, त्याने क्रूसावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली आणि आपला व परका हा भेदच मोडून टाकला.

आम्ही निर्णय दिला तो असा: पुंगळी वेदीवर ठेवावयाची नाही आणि सव्वीस जानेवारीलाही ठेवावयाची नाही. वर्षातून एकदा, २ नोव्हेंबर रोजी, सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सेत, वेदीच्या पायऱ्यांखाली, जमिनीवर ती फुलांसह ठेवावी. त्या दिवशी आपण ओळखीच्या व अनोळखी, सर्वच मृतांसाठी प्रार्थना करतो. कोणाचेही नाव त्या फुलांना नसावे. त्या भगिनींनी आपला विरोध मागे घेतला नाही. परंतु त्या नोव्हेंबरात पुंगळीत जी शेवंती होती, ती त्यांच्याच अंगणातली होती, असे आम्हांस मागाहून कळले.

या प्रसंगानंतर आम्ही धातूंविषयी थोडे अधिक वाचू लागलो. घंटेचा आणि तोफेचा धातू जवळजवळ एकच असतो. तांब्यात कथील मिसळून कांसे होते. चार भाग तांब्यास एक भाग कथील घातले तर घंटेला नाद येतो. नऊ भागांस एक भाग घातले तर तोफेला दम येतो. म्हणूनच युरोपात राजांची दृष्टी नेहमी चर्चच्या मनोऱ्याकडे वळे. दुसऱ्या महायुद्धात नाझी राजवटीने ठिकठिकाणच्या चर्चमधून दीड लाखांहून अधिक घंटा उतरवून नेल्या आणि त्यांतील बहुतेक वितळवल्या. ज्या उरल्या त्या हॅम्बुर्गच्या बंदरात रांगेने पडलेल्या सापडल्या आणि एकेक करून आपापल्या गावी गेल्या. उलट प्रवासही घडला आहे. १६८३ च्या वेढ्यानंतर तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफांपासून व्हिएन्नाच्या संत स्टीफन कॅथीड्रलची प्रचंड घंटा १७११ साली ओतली गेली. १९४५ साली आगीत ती कोसळून फुटली; तिच्याच तुकड्यांतून १९५१ साली पुन्हा नवी ओतली. इटलीतील रोव्हेरेतो गावी डॉन अंतोनियो रोस्सारो या धर्मगुरूंनी पहिल्या महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या राष्ट्रांच्या तोफांचे कांसे मागून घेतले आणि १९२४ साली त्याची एक घंटा केली. पुढे ती पुन्हा ओतावी लागली; नव्या घंटेला १९६५ साली पोप सहावे पॉल यांनी आशीर्वाद दिला. रोज संध्याकाळी तिचे शंभर टोले पडतात. त्यांत जिंकलेल्या आणि हरलेल्या, दोन्ही बाजूंच्या मृतांची आठवण असते.

घंटांचा विषय निघाला की आमचे तरुण हमखास विचारतात: वसईच्या चर्चमधील घंटा चिमाजी आप्पांनी नेल्या, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. तहाप्रमाणे पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह निघून जाऊ दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपली उपासना चालू ठेवण्याची मुभा मिळाली. चर्चच्या मोठ्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून घाटावर गेल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे. पुण्यात सेमिनरीत शिकत असताना आम्ही मेणवलीची घंटा पाहिली. कृष्णेच्या घाटावर, छोट्या दगडी मंडपात ती टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया कोरलेली आहे. पाहून छातीत काहीतरी हलले, हे खरे. लूट ती लूट; तिला दुसरे नाव देऊ नये. पण आम्ही तरुणांना दोन गोष्टी सांगतो. पहिली ही की, ज्या सत्तेच्या काळात त्या घंटा वसईत आल्या, तिनेही येथील देवळे पाडली होती. तो हिशेब मांडू लागलो तर कोणाचीच वही कोरी निघणार नाही. दुसरी ही की, त्या घंटा वितळवून तोफा करणे विजेत्यांना सहज शक्य होते. त्यांनी त्या देवासमोर टांगल्या. त्या लढाईतील तोफा केव्हाच मुक्या झाल्या. घंटा बोलतात आणि ज्या कामासाठी त्या ओतल्या होत्या, तेच काम करतात. आपल्या मातेचे चित्र रोज शेकडो हिंदू भाविकांच्या हातांखालून जाते, याचे आम्हांस दुःख वाटत नाही.

१९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईत आले होते. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी कित्येक जण त्या गर्दीत होते. तेथूनच पोपमहोदयांनी जगातील राष्ट्रांना आवाहन केले की, शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग तरी बाजूला काढावा आणि त्यातून गरिबांसाठी एक जागतिक निधी उभारावा. १९६७ च्या ‘लोकांची प्रगती’ या विश्वपत्रात त्यांनी ते पुन्हा मांडले. २०२० साली पोप फ्रान्सिस यांनी ‘फ्रातेल्ली तुत्ती’मध्ये तीच मागणी केली. तो निधी अजून उभा राहिलेला नाही. पण सहाव्या पॉल यांनी स्वतःपुरते एक केले: मुंबईतील फेरीसाठी त्यांना भेट मिळालेली मोठी लिंकन मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसांना देऊन टाकली. मदरनी ती सोडतीत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसा उभा केला. राष्ट्रांना वेळ लागतो. माणसाला लागत नाही.

वाचकहो, आपल्या घरी तोफ नसेल. पण कोकणातील घराच्या माळ्यावर एक गाठोडे बहुधा असते. त्यात भावाभावांच्या जमिनीच्या दाव्याचे जुने कागद असतात: नोटिसा, जबान्या, निकालाच्या नकला. दावा कधीच संपलेला असतो, ज्यांनी तो लढवला त्यांतील कित्येक जण शेजारशेजारच्या कबरींत विसावलेले असतात. तरी ते गाठोडे आपण जपतो. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. लग्नाचे बोलावणे द्यावयाची वेळ आली की ते उघडतो आणि जुना दारूगोळा पुन्हा कोरडा करून ठेवतो. अनेक कुटुंबांचे असे कागद आम्ही आमच्या टेबलावर पाहिले आहेत. मोठमोठ्या राष्ट्रांच्या शस्त्रकोठारांत आणि त्या गाठोड्यात आम्हांला फारसा फरक दिसला नाही.

मालकीच्या पुराव्यासाठी लागणारे कागद अवश्य जपावेत. त्यांची गरज असते. बाकीच्या गाठोड्याचे काय करावयाचे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी मुले जाणती होण्याच्या आत ठरवावे. ते कोठारात ठेवले तर पुढच्या पिढीच्या हाती पडेल आणि ती ते वापरील. येत्या २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाताना ज्याच्याशी आपला दावा होता, त्याच्या कबरीवरही एक मेणबत्ती लावावी. तिला काही पैसे पडणार नाहीत, वकीलही लागणार नाही. आणि आपल्याबरोबर आलेल्या मुलाने विचारले, की हे कोण, तर फक्त नाते सांगावे.